बारा जणींनी मारलेली बोअर

केतकी, आधी तो मोबाईल पर्समध्ये टाक आणि फक्त ऐक. मध्ये काही विचारायचं नाही. "अगं पण" नाही, "म्हणजे कसं" नाही. आणि "बिच्चारी काकू" तर अजिबात नाही, कारण बिच्चारी कोण ते तू शेवटी ठरवायचंयस. गोष्ट मोठी आहे, वेळ थोडा आहे.

तू बंगळुरात जाऊन बसलीस तेव्हा तुला एवढंच माहीत होतं की मी भुयारी मेट्रोत नोकरीला लागले. अर्ध्या नाशिकला वाटतं मी गाडी चालवते. गाडी कोणीच चालवत नाही गं, ती आपली आपण जाते, सातपूर ते पंचवटी, सीबीएसखालून, शालिमारखालून, गोदावरीखालून. मी सातपूरच्या कंट्रोल रूममध्ये बसून जमीन ऐकते.

हसू नकोस. भुयारी सुरू होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. त्र्यंबक रोडच्या एका बंगलेवाल्या काकांनी पाणाड्या बोलावला. तो नारळ तळहातावर आडवा ठेवून आवारभर फिरला, एका जागी नारळ टुणकन उभा राहिला, आणि तो म्हणाला, "इथं पाणी." काकांनी परवानगी-बिरवानगी न घेता बोअर मारली. साठ फुटांवर पाणी! काकांनी गल्लीत पेढे वाटले. आता ते पाणी कुठलं, तर आमच्या स्टेशनात आग लागली तर असावं म्हणून भरून ठेवलेल्या टाकीचं. पाणाड्या चुकला नव्हता, एवढं मान्य करायला हवं. पण बोअर चार हात पलीकडे मारली असती तर टोक थेट गाडीच्या टपात.

त्यानंतर बोगद्यात कान बसवला.

कान म्हणजे काय, तर बोगद्याच्या भिंतीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली काचेची एक तार. केसाएवढी. घरोघरी इंटरनेट येतं तीच जात. तिच्यात एका बाजूने लेझरचे ठोके सोडायचे, सेकंदाला हजारो. काच कितीही स्वच्छ केली तरी तिच्या पोटात बारीक बारीक खोट राहतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवरून थोडासा उजेड मागे फिरतो. वर जमीन हलली की तार तिथे कणभर ताणली जाते, आणि मागे फिरणारा उजेड बदलतो. तो किती वेळाने परतला हे मोजलं की कुठे हललं ते कळतं. म्हणजे तार एकच, पण तिचा प्रत्येक मीटर हा वेगळा कान. चौदा किलोमीटर, चौदा हजार कान! आणि माझ्यासमोर पडद्यावर हे सगळं धबधब्यासारखं वरून खाली पडत असतं. ट्रक जाड पट्ट्यासारखा दिसतो, रिक्षा थरथरत्या रेघेसारखी, आणि बोअर लागली की एका जागी ठोक ठोक ठोक ठिपके.

आता चौदा हजार कान बसवल्यावर ते फक्त बोअरच ऐकतील, असं कुठे असतं का? मिक्सर ऐकतात. जिन्यावरून उतरणारं कुत्रं ऐकतात. आणि पावलं ऐकतात. प्रत्येकाचं चालणं वेगळं असतं गं, कोण टाच आपटतं, कोण पाय ओढतं, आणि मशीन दोन-तीन महिन्यांत ते शिकतं. नाव नाही ठेवत, नंबर ठेवतं. म्हणजे उद्या चोरून बोअर मारणारा पळाला, तरी आला कुठून ते सापडावं. यावर आमचा नियम अकरा आहे: वर काय चाललंय ते बघायचं, कोण चाललंय ते बघायचं नाही. बोरस्ते सरांनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, पहिल्याच दिवशी त्यावर सही घेतली माझी. एक वर्ष मी कच्ची, मग पक्की. आणि नियम अकरा मोडला तर कच्चीही नाही.

सही करून मी पाच महिने टिकले.

मे महिन्यातली दुपार होती. महात्मानगरच्या पट्ट्यावर एक नंबर चालला होता, चाळीस हजार चारशे सतरा. डावं पाऊल ठाम, उजवं बिचकत. आणि उजव्यात दर वेळी एक बारीक टिक्. हाडाची नाही, धातूची. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आई!

तुला माहितीये, आईचा उजवा गुडघा डिसेंबरात बदलला. डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते, "चाला, पोहा, काय हवं ते करा. उड्या मारायच्या नाहीत. पडलात तर परत उघडावा लागेल, आणि दुसऱ्यांदा तो पहिल्यासारखा बसत नाही." आणि आई कोण? चपळा मंगळागौर मंडळाची म्होरकी! बारा बायका, सरासरी वय सत्तावन्न, नाव चपळा. श्रावणातल्या जिल्हा स्पर्धेत सलग नऊ वर्षं दुसऱ्या. आईने देवापुढे हात ठेवून सांगितलं होतं, "यंदा मी फक्त बसून गाणी म्हणणार." आणि दर मंगळवारी, शुक्रवारी चार वाजता ती फिजिओकडे जायची. फिजिओ कॉलेज रोडला. चारशे सतरा मात्र चालत चालत शिरली कुठे, तर महात्मानगरच्या लक्ष्मीबन मंगल कार्यालयात. तिथे आमचा बोगदा वर यायला लागतो, जमिनीखाली जेमतेम नऊ मीटर. म्हणजे कानाला टाचणी पडली तरी दिसते.

आणि मग तिथे ठिपके सुरू झाले. सेकंदाला दोन. बारा जणींचे.

मी फोन लावला. सात वेळा वाजल्यावर उचलला.

"आई, कुठे आहेस?"

"फिजिओकडे. पडलेय. ते गरम मशीन लावलंय पायाला."

"मग एवढा दम का लागलाय?"

"पडून पडून लागतो. तू कधी दिवसभर पडून बघितलंयस का?"

तेवढ्यात मागून आवाज, "सुलभा, पदर खोच आणि ये लवकर!"

"कोण गं ते?"

"फिजिओ. फार कडक आहेत," म्हणाली आणि फोन ठेवला. आणि माझ्या पडद्यावर चारशे सतरा परत उड्या मारायला लागली!

केतकी, मी तेव्हाच तिला सांगायला हवं होतं, की आई, मला दिसतंय. पण सांगितलं तर नियम अकरा, म्हणजे नोकरी. मग मी काय केलं, टोमणे मारले. रात्री जेवताना म्हणायचे, "आज पाऊण तास झिम्मा आणि दहा मिनिटं फुगडी, बरोबर?" आईचा घास हातातच. "तुला कोणी सांगितलं?" "कळतं." पुढच्या शुक्रवारी, "आज पिंग्याला तू कडेला होतीस, मध्ये का नाही?" बाबा ताटातून मान वर न करता म्हणायचे, "मला काही माहीत नाही आणि मला काही सांगूही नका."

मला वाटलं, आई घाबरेल आणि थांबेल. आई घाबरली. थांबली नाही. तिने भेदी शोधायला घेतला.

आणि भेदी ठरली कोण, हेमाकाकू.

हेमाकाकू म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची. मंडळ तिने आणि आईने मिळून काढलेलं, बावीस वर्षांपूर्वी. स्वभावाने लोणी. फक्त ताल नाही. पण अजिबात नाही! सगळ्यांचं पाऊल पडलं की मग हिचं पडतं. तिच्यामुळे तिच्या शेजारच्या दोघी बिचकतात, त्यांच्यामुळे त्यांच्या शेजारच्या, अशी ती चूक गोलात फिरत फिरत परत हेमाकाकूपर्यंत येते, आणि ती म्हणते, "अगं, तुम्ही चुकताय." नऊ वर्षं दुसरा नंबर का, ते सगळ्यांना माहीत होतं. पण आई म्हणायची, हेमा नाही तर मंडळ नाही.

तीच आई आता म्हणाली, "आपल्या इमारतीत मंडळातली दुसरी आहेच कोण? लिफ्टमध्ये भेटली असेल पोरीला, ओकली असेल सगळं. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही." आणि जुलैत मंडळाच्या बैठकीत हेमाकाकूला सांगितलं, यंदा तू विश्रांती घे. तिच्या जागी रसिका आली, पस्तिशीची, झुम्बा शिकवते.

मी गप्प. अगं, मी स्वतःला समजावलं ना, की स्पर्धा झाली की सगळं निवळेल. मग एक दिवस जिन्यात हेमाकाकू भेटली. हातात डबा. "ऋजू, अळूवड्या आहेत. माझ्याकडच्या आहेत म्हणून सांगू नकोस, नाहीतर सुलभा खायची नाही." मी डबा घेतला. ती दोन पायऱ्या उतरली आणि परत वळून म्हणाली, "मी काय केलं गं तिला? तुला काही बोलली का?"

"नाही हो काकू. मला काय माहीत," मी म्हणाले.

त्यातल्या चार मी जिन्यातच खाल्ल्या.

आता मागच्या मंगळवारच्या आधीचा मंगळवार. चार वाजून बावीस मिनिटं. मी पट्टे बघतेय, आणि अचानक कंट्रोल रूमभर लाल दिवा! "महात्मानगर. बोअर. खात्री ब्याण्णव टक्के." आणि पंचवटीहून येणारी चौदा नंबरची गाडी लक्ष्मीबनच्या दोनशे मीटर अलीकडे, बोगद्यात, आपली आपण थांबली. आत तीनशे बारा माणसं.

म्हणजे काय झालं होतं, ते सांगते, कारण हीच तर गंमत आहे. बारा माणसं आपापल्या तालात उड्या मारतात तेव्हा त्यांचे धक्के एकमेकांना खातात. एक वर असते तेव्हा दुसरी खाली. बारा जणींचा जोर खाली पोचेपर्यंत साडेतीन जणींएवढाच उरतो. पण बाराही जणींचे पाय एकाच क्षणी पडले, तर बाराचा जोर बाराच. म्हणून तर पुलावरून जाताना सैनिकांना कदम मोडून चालायला सांगतात. आणि मशीनला शिकवलंय काय, तर एकाच जागी, एकाच तालात, दीड मिनिटाच्या वर दणके पडले की ती ठोक्याची बोअर. आजवर मशीन कधी फसलं नव्हतं, कारण मध्ये हेमाकाकू होती! तिच्या बेतालपणाने बावीस वर्षं चपळा मंडळ माणसांसारखं वाजत होतं. ती गेली, रसिकाने तीन आठवडे मोजून मोजून पाय घासून घेतले, आणि चपळा मंडळ पहिल्यांदा एका तालात आलं. त्यांनी बोअरच मारली!

बोरस्ते सर धावत आले. "कोण मारतंय? पथक पाठवा!"

"सर, बोअर नाहीये ती," मी म्हणाले. "बायका असतील. मंगळागौरीची तालीम."

"कशावरून?"

आता काय सांगू, की सर, त्यातली एक उजव्या पायाने टिक् करते? "अंदाज आहे," मी म्हणाले.

"तुझ्या अंदाजावर तीनशे माणसांची गाडी पुढे काढू? नियम काय आहे? प्रत्यक्ष जाऊन बघायचं, उगम कागदावर लिहायचा, आणि तीन मिनिटं जमीन शांत राहिली पाहिजे. अर्ध्या तासात झालं नाही तर माणसांना उतरवून बोगद्यातून चालवत न्यायचं." तेवढ्यात गाडीतून बोलायच्या बटणावर कोणीतरी शांतपणे विचारलं, "साहेब, चहाची काही सोय होईल का?"

आईला फोन केला. वाजत राहिला, पर्समध्ये असणार. मी म्हणाले, "सर, मी जाते पथकाबरोबर."

पथक म्हणजे दोन माणसं, एक जीप आणि खैरनार भाऊ. खैरनार भाऊ सटाण्याचे, अंगाने दार भरून उरतील असे. बोअरवाल्यांना नुसते ते दिसले तरी बोअर आटते. सायरन लावून आम्ही सात मिनिटांत लक्ष्मीबनला. हेल्मेट घालून खैरनार भाऊंनी दार ढकललं आणि गर्जना केली, "बंद करा ते मशीन!"

आत नऊवारीतल्या बारा बायका.

"चपला काढा आधी!" पहिली प्रतिक्रिया ही. "गौर मांडलीये, दिसत नाही?"

खैरनार भाऊ हेल्मेट घालून, बूट हातात धरून उभे. "ताई, मशीन कुठंय?"

"कसलं मशीन?"

"बोअरचं. खाली गाडी अडकलीये तुमच्यामुळं. सगळ्यांनी जागच्या जागी थांबा!"

थांबा म्हटलं तरी दोन जोड्या फुगडीत होत्या. फुगडी काही ब्रेक लावून थांबते का? त्या आणखी सहा-सात वेळा फिरल्या आणि मग भेलकांडत खांबाला धरून उभ्या राहिल्या. खैरनार भाऊंनी घड्याळ काढलं. "तीन मिनिटं कोणी हलायचं नाही. पाऊल उचललं की परत पहिल्यापासून मोजणी."

"बोलायचं का?" रसिकाने विचारलं.

"बोला. ते खाली पोचत नाही."

तर बघ, चित्र कसं आहे. बारा बायका पुतळ्यासारख्या. कोणाचे हात कमरेवर, कोणाचा पदर दातात, आणि आई मधोमध, एक हात वर, टाळी द्यायच्या बेतात. तिची नजर माझ्यावर.

"ऋजुता," आई हात तसाच वर ठेवून म्हणाली. "तू इथे कशी?"

"ड्युटीवर आहे."

"मी इथे आहे हे तुला माहीत होतं. आल्या आल्या सरळ माझ्याकडे बघितलंस. कोणी सांगितलं?"

मागून एकीने म्हटलं, "कोणी म्हणजे? हेमाच! मी म्हणत नव्हते? काढलं त्याचा सूड घेतलान. पोलिसांपर्यंत गेली बाई!"

"गुणाची म्हणायची आणि बघा."

"मी पोलीस नाही," खैरनार भाऊ म्हणाले. कोणी ऐकलं नाही. त्यांनी कागद काढला. "मॅडम, लिहायचं आहे. उगम: मंगळागौर. कसा ओळखला?"

केतकी, तिथे मला फक्त गप्प बसायचं होतं. किंवा म्हणायचं होतं, अंदाज. नोकरी शाबूत, आई माझीच, स्पर्धेत पहिला नंबर जवळजवळ नक्की. फक्त हेमाकाकू कायमची चुगलखोर. आणि ती जिन्यात वळून उभी होती ना, ते काही डोळ्यांपुढून जाईना.

मी म्हणाले, "हेमाकाकूने कधीच काही सांगितलं नाही. मला दिसतं. खाली तार आहे, तिला पावलं कळतात. मी आईला पायावरून ओळखलं. मे महिन्यापासून बघतेय."

खैरनार भाऊंचं पेन थांबलं. हळूच म्हणाले, "मॅडम, हे लिहू का खरंच?"

"लिहा."

कोणी हललं नाही. हलायचंच नव्हतं म्हणा. आईने मला तेव्हा नक्की एक ठेवून दिली असती, पण दीड मिनिट शिल्लक होतं.

"म्हणजे," आई म्हणाली, "तालमीनंतर मी कोपऱ्यावर भेळेला थांबते, तेही?"

"हो. दोन प्लेट."

"दुसरी पार्सल असते!"

"उभ्या उभ्या संपते ती, आई."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. आई नाही हसली. "मी खोटं बोलले, ते माझं मी बघेन. पण हेमाला काढलं तेव्हा तू घरात होतीस. समोर बसली होतीस. तेव्हा तुझी वाचा कुठे गेली होती?"

खैरनार भाऊ म्हणाले, "झाली तीन मिनिटं." खालून गाडी गेली. तुला सांगते, पायांना कळलं ते, हलकीशी घरघर. आणि आई तशीच, नऊवारीत, कपाळावर घाम, चप्पल उलटसुलट घालून बाहेर पडली. मी मागे.

हेमाकाकूचं दार बंद. आईने बेल वाजवली नाही, नुसतीच उभी राहिली. आतूनच आवाज आला, "काय काम आहे, सुलभा?"

"तुला कसं कळलं मी आहे?"

"बावीस वर्षं तुझी पावलं ऐकतेय. जिना चढलीस तेव्हाच कळलं. हळू चढायला काय होतं? पाय बदललाय ना?"

"दार उघड."

"नाही उघडत."

"हेमा, चुकले."

आत पावलं दाराजवळ आली. मग, "काय म्हणालीस? नीट ऐकू नाही आलं."

"चुकले म्हटलं!"

"अजून एकदा म्हण. जोशीबाई घरात आहेत शेजारी, त्यांनाही ऐकू दे." आणि आईने म्हटलं, केतकी! मोठ्याने! माझ्या आईने! तिसऱ्यांदा म्हणायच्या आत दार उघडलं, आणि मग दोघी दारातच रडायला लागल्या, आणि मी आपली मधल्या पायरीवर, कोणालाच नको असलेली.

दुसऱ्या दिवशी बोरस्ते सरांनी आत बोलावलं. टेबलावर खैरनार भाऊंचा कागद. "खरं बोललीस म्हणून एकदा सोडतो," म्हणाले. "पण पुन्हा तो नंबर उघडलास तर मला बघायलाही लागणार नाही, मशीनच मला कळवेल. त्याच दिवशी घरी." मी थँक्यू म्हणून उठले. दारापर्यंत गेले तर सर म्हणाले, "ऋजुता, एक मिनिट. आमची मोठी संध्याकाळी अभ्यासिकेत जाते म्हणते. शालिमारला. ते तसं..." मग खोकले, कागद उचलला, परत ठेवला. "काही नाही. जा तू."

म्हणजे बघ, हा बघायचा मोह किती चिकट आहे ते!

हेमाकाकू मंडळात परत आली. मशीन परत शांत झालं. रसिकाने दोन दिवस डोकं धरलं, मग हेमाकाकूला तालात आणायचं सोडून दिलं. मला वाटलं, संपलं. पण परवा रात्री आई माझ्या खोलीत आली, पलंगावर बसली आणि गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या त्या तारेला माझा पाय कळतो ना? मग बघ आणि सांग. नाचू का नको? डॉक्टर सगळ्यांनाच नाही म्हणतात. हेमा हो म्हणते. तुझे बाबा काहीच म्हणत नाहीत. तू बघून सांगशील ते मी ऐकेन. नको म्हणालीस तर नाही नाचणार, देवाशप्पथ."

आता हे ऐक नीट. मी बघत होते तेव्हा काय दिसायचं माहितीये? मे महिन्यात ती उजव्या पायावर जेमतेम तिसरा हिस्सा भार टाकायची. जुलैपर्यंत जवळजवळ निम्मा टाकायला लागली होती. नाचून पाय सुधारत होता! डॉक्टरांना हे माहीत नाही, आईलाही नाही, फक्त मला. पण त्या मंगळवारनंतर मी बघितलेलं नाही. आणि चार दिवसांपासून आई जिना उतरताना कठड्याला धरते. एकेक पायरी. विचारलं तर म्हणे, "नवी साडी आहे, पायात येते." नव्या साडीत ती सराव करतेय की पाय दुखतोय, हे मला तारेत एका सेकंदात कळलं असतं. एक सेकंद. आणि नोकरी.

काल दिवसभर मी त्या पडद्यासमोर होते. दोनदा बोट नंबरापर्यंत गेलं. चार वाजता चारशे सतरा लक्ष्मीबनकडे निघाली असणार, आणि मी मुद्दाम मान वळवून पंचवटीचे ट्रक मोजत बसले.

संध्याकाळी घरी गेले. आई दारातच उभी. "बघितलंस?"

आणि मी म्हणाले, "बघितलं."

"मग?"

"मस्त आहे. दोन्ही पाय सारखे. नाच."

अगं, तिचा चेहरा बघायला हवा होतास! आणि लगेच खाली धावत गेली, हेमाकाकूला सांगायला. धावत. कठड्याला न धरता. आता ते पाय बरा आहे म्हणून, की मी बरा आहे म्हटलं म्हणून, मला काय कळणार? मला तर काहीच दिसत नव्हतं.

म्हणून तुला स्टेशनवरून थेट इथे, स्पर्धेच्या हॉलवर, ओढत आणलं. मला एकटीला बसवत नव्हतं. आता हे पडद्यामागे खुसुरफुसुर चाललंय ना, ते चपळाच. त्यांचाच नंबर पुकारला आत्ता. इथे खाली बोगदा नाही, तार नाही, लाल दिवाही लागायचा नाही. उघडला पडदा. ती बघ, मधोमध, जांभळी साडी. डावीकडे हेमाकाकू, आत्तापासूनच चुकीच्या पायावर उभी. आई मला शोधतेय बघ. हात कर तिला. हसतेय गं ती!

आता बोल. गप्प का? तू माझ्या जागी असतीस तर तो एक सेकंद बघितलं असतंस? आणि नसतंस बघितलं, तर दारात उभ्या असलेल्या तुझ्या आईला काय सांगितलं असतंस?